शूटर्स हिलवरील दीपस्तंभ : जॉर्ज वॉशिंग्टन यांचे चरित्र आणि स्मारक

आपल्यापैकी बहुतेकांची जॉर्ज वॉशिंग्टन यांच्याशी पहिली भेट शाळेत झाली. हातात नवी कुऱ्हाड घेतलेला, वडिलांचे आवडते चेरीचे झाड तोडणारा आणि मग निर्भयपणे खरे सांगून टाकणारा तो मुलगा आपल्या मनात कायमचा घर करून बसला आहे. ही गोष्ट घडल्याचा कोणताही विश्वसनीय पुरावा नाही. मेसन वीम्स नावाच्या एका धर्मोपदेशकाने लिहिलेल्या वॉशिंग्टनचरित्राच्या १८०६ सालच्या आवृत्तीत ती प्रथम अवतरली. तोवर वॉशिंग्टन यांना जाऊन सहा-सात वर्षे झाली होती. थोर पुरुष दिवंगत झाला की समाज त्याला आपल्या गरजेप्रमाणे नव्याने घडवू लागतो. कोणी त्याच्या गोष्टी रचतो, कोणी त्याचे पुतळे उभारतो, तर कोणी त्याच्या वापरातल्या वस्तू काचेच्या कपाटात जपून ठेवतो.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया या गावी शूटर्स हिल नावाची टेकडी आहे. तिच्यावर ३३३ फूट उंचीची, दीपस्तंभाच्या आकाराची एक भव्य दगडी वास्तू उभी आहे. ती सरकारने बांधलेली नाही. फ्रीमेसन या बंधुसंघाने आपल्या सर्वांत नामवंत सभासदाच्या स्मरणार्थ, आपल्या बांधवांच्या देणग्यांतून ती उभारली. या स्मारकाच्या निमित्ताने वॉशिंग्टन यांचे चरित्र थोडक्यात पाहावे, आणि एका संघाने केलेल्या स्मारकात एका माणसाचे आयुष्य कितपत सामावते याचाही विचार करावा, असा या लेखाचा हेतू आहे.

जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनियातील वेस्टमोरलंड परगण्यात झाला. काळाचे भान यावे म्हणून सांगायचे तर, त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात थोरल्या बाजीरावांच्या शनिवारवाड्याची वास्तुशांत झाली होती. वडील ऑगस्टीन हे मध्यम प्रतीचे जमीनदार होते. जॉर्ज अकरा वर्षांचा असताना ते वारले. वारसाहक्काने त्या मुलाच्या वाट्याला जमीन आली आणि तिच्याबरोबर दहा गुलामही आले. पुढच्या सर्व थोरवीबरोबर ही गोष्टही ध्यानात ठेवली पाहिजे. इतरांना स्वातंत्र्य मिळवून देणारा हा पुरुष वयाच्या अकराव्या वर्षापासून मृत्यूपर्यंत माणसांचा मालक होता.

सावत्र वडीलबंधू लॉरेन्स यांनी इंग्लंडमध्ये शिक्षण घेतले होते. पितृछत्र गेल्यावर जॉर्जच्या नशिबी ते आले नाही, आणि आपल्या अपुऱ्या शिक्षणाची खंत त्यांना जन्मभर वाटत राहिली. मात्र गणिताची आवड आणि हाताची स्वच्छता यांच्या बळावर त्यांनी जमीनमोजणीची विद्या हस्तगत केली. सोळाव्या वर्षी ते लॉर्ड फेअरफॅक्स यांच्या डोंगरापलीकडील जमिनी मोजणाऱ्या तुकडीबरोबर रानावनांत हिंडले आणि सतराव्या वर्षी कल्पेपर परगण्याचे अधिकृत भूमापक झाले. याच सुमारास पोटोमॅक नदीच्या काठी अलेक्झांड्रिया हे गाव वसवले जात होते. त्या जागेचा तरुण जॉर्जने काढलेला नकाशा आजही जतन केलेला आहे. ज्या गावाची आखणी त्याने कागदावर उतरवली, त्याच गावाने पुढे त्याचे स्मारक करावे हा एक विलक्षण योगच होय.

१७५२ हे वर्ष त्यांच्या आयुष्याला वळण देणारे ठरले. क्षयाने पछाडलेले लॉरेन्स त्या वर्षी निवर्तले. त्यांच्या सोबतीला म्हणून आदल्या वर्षी बार्बाडोस बेटावर गेलेल्या जॉर्जला तेथे देवी आल्या आणि त्यांचे व्रण चेहऱ्यावर कायमचे राहिले. लॉरेन्स यांची माउंट व्हर्नन ही जहागीर पुढे यथाकाल जॉर्जकडे आली. त्याच वर्षीच्या ४ नोव्हेंबरला, वयाच्या विसाव्या वर्षी, फ्रेडरिक्सबर्ग येथील फ्रीमेसन शाखेत त्यांना प्रवेश मिळाला. दुसऱ्या वर्षीच्या ४ ऑगस्टला तिसरी आणि महत्त्वाची पायरी चढून ते पूर्ण सभासद झाले.

या संघाविषयी येथे दोन शब्द सांगणे अवश्य आहे. मध्ययुगात दगडी चर्च आणि किल्ले बांधणाऱ्या गवंड्यांच्या संघांची परंपरा सांगणारे हे बंधुमंडळ अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये सुसंघटित झाले आणि तेथून जगभर पसरले. गुण्या, कंपास, ओळंबा, थापी ही गवंड्याची हत्यारे त्याने नीतीची प्रतीके म्हणून स्वीकारली. गुण्याने भिंत काटकोनात आणावी तसे वर्तन सरळ राखावे, असा त्यातला भाव. ईश्वरावर श्रद्धा ही प्रवेशाची अट, परंतु तो कोणत्या धर्माचा ईश्वर याची चौकशी नाही, हा त्या काळच्या मानाने मोठा उदार नियम होता. संघाच्या शाखेला लॉज म्हणतात. आपल्या बसस्थानकासमोरच्या लॉजशी तिचा संबंध नाही! बंद दारांआड होणाऱ्या विधींमुळे या मंडळींविषयी सर्वत्र कुतूहल आणि संशय राहिला. उत्तर हिंदुस्थानातील छावण्यांच्या गावी त्यांच्या सभागृहाला लोक जादूघर म्हणत. मुंबईत १८४३ साली खास हिंदी लोकांना प्रवेश देण्यासाठी एक लॉज स्थापन झाले, तेव्हापासून ही परंपरा आपल्याही परिचयाची आहे.

वॉशिंग्टन यांचे लष्करी जीवन पराभवाने सुरू झाले, हे अनेकांस ठाऊक नसते. ओहायो नदीच्या खोऱ्यावरून इंग्रज आणि फ्रेंच यांचा झगडा पेटला असता, १७५४ च्या मे महिन्यात त्यांच्या तुकडीने एका फ्रेंच पथकावर हल्ला केला आणि त्याचा नायक मारला गेला. रानातल्या या चकमकीतून पुढे सप्तवार्षिक युद्धाचा वणवा भडकला. जुलैमध्ये फ्रेंचांनी त्यांना घाईघाईने उभारलेल्या एका गढीत कोंडले आणि शरणागती पत्करायला लावली. पुढच्या वर्षी जनरल ब्रॅडॉक यांच्या सैन्याची मोनोंगहेला नदीकाठी धूळधाण उडाली. त्या दिवशी वॉशिंग्टन यांच्या मांडीखालची दोन घोडी ठार झाली आणि अंगरख्यातून चार गोळ्या आरपार गेल्या, पण त्यांच्या अंगाला ओरखडाही उमटला नाही. फळी फुटत असताना डोके शांत ठेवण्याचा धडा त्यांनी येथेच घेतला.

६ जानेवारी १७५९ रोजी मार्था कस्टिस या विधवेशी त्यांचा विवाह झाला. तिच्याबरोबर दोन मुले, मोठी संपत्ती आणि पहिल्या पतीच्या इस्टेटीतील बरेच गुलाम माउंट व्हर्ननला आले. वॉशिंग्टन यांना स्वतःचे अपत्य झाले नाही. पुढची पंधरा-सोळा वर्षे त्यांनी शेतीत आणि व्हर्जिनियाच्या विधिमंडळात घालवली. तंबाखूने जमिनीचा कस जातो आणि लंडनच्या अडत्यांचे कर्ज वाढत जाते, हे ओळखून ते गव्हाकडे वळले. इंग्लंडच्या करांविरुद्धचा त्यांचा राग या हिशेबाच्या वह्यांतून हळूहळू वाढत गेला, हे त्यांचे चरित्र वाचताना जाणवते.

१५ जून १७७५ रोजी फिलाडेल्फियाच्या काँग्रेसने त्यांना सेनापती नेमले. त्यांनी वेतन नाकारले आणि केवळ खर्चाची भरपाई घेण्याचे ठरवले. हाताशी आलेले सैन्य म्हणजे शेतकरी आणि कारागीर यांचा जमाव होता. मुदत संपली की शिपाई घरी निघून जात. १७७६ च्या मार्चमध्ये इंग्रजांना बॉस्टन सोडावे लागले खरे, पण ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर मोठा पराभव झाला आणि माघार सुरू झाली. सर्व काही संपले असे वाटत असताना, २५ डिसेंबरच्या रात्री बर्फाचे तुकडे वाहत असलेली डेलावेअर नदी ओलांडून त्यांनी ट्रेंटनच्या ठाण्यावर सकाळी छापा घातला. आपल्या वाचकांना या प्रसंगी मराठ्यांच्या गनिमी काव्याची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

१७७७-७८ चा व्हॅली फोर्जचा हिवाळा ही त्यांची खरी कसोटी होती. अन्न नाही, पायांत जोडे नाहीत, अशा अवस्थेत रोगराईने सुमारे दोन हजार माणसे दगावली. परंतु याच छावणीत प्रशियाहून आलेल्या फॉन श्टॉयबेन यांनी शिपायांना कवायत शिकवली आणि वसंतात बाहेर पडले ते खरे सैन्य होते. स्वतः देवीतून उठलेल्या सेनापतीने १७७७ मध्येच सैन्याला देवी टोचून घेण्याचा हुकूम दिला होता. त्या निर्णयाने किती जीव वाचले असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

१९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे फ्रेंच आरमार आणि सेना यांच्या साह्याने इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस यांना शरण आणण्यात आले. प्रकृतीचे कारण सांगून कॉर्नवॉलिस स्वतः समोर आले नाहीत. त्यांनी दुय्यम अधिकाऱ्याला पाठवले. तेव्हा वॉशिंग्टन यांनीही आपल्या दुय्यमालाच शरणागती स्वीकारण्यास सांगितले. हेच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आले. टिपूविरुद्धच्या युद्धात पेशवे आणि निजाम त्यांचे दोस्त झाले. आपल्या सीमाभागाच्या शेजारचा धारवाडचा किल्ला परशुरामभाऊ पटवर्धनांनी दीर्घ वेढा घालून १७९१ च्या एप्रिलमध्ये घेतला, तो याच युद्धात. अमेरिकेत हरलेला सेनापती आपल्याकडे जिंकला. दूरचा इतिहास वाटतो तितका दूर नसतो, तो असा.

वॉशिंग्टन यांचे मोठेपण रणांगणावर जितके दिसते त्याहून अधिक ते सत्ता सोडण्यात दिसते. युद्ध संपत आले तेव्हा थकलेल्या पगारामुळे अधिकारी काँग्रेसवर चालून जाण्याच्या गोष्टी बोलू लागले होते. १५ मार्च १७८३ रोजी न्यूबर्गच्या छावणीत त्यांनी अधिकाऱ्यांना सबुरीने समजावले. एक पत्र वाचून दाखवताना अक्षर दिसेना म्हणून त्यांनी खिशातून चष्मा काढला, आणि देशाच्या सेवेत केस पिकले तसे डोळेही अधू होऊ लागले आहेत, अशा अर्थाचे काही सहज बोलून गेले. समोरच्या कणखर माणसांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बंड तेथेच विरले. त्या वर्षीच्या २३ डिसेंबरला अॅनापोलिस येथे काँग्रेससमोर त्यांनी सेनापतिपदाचा राजीनामा दिला आणि ते घरी गेले. जिंकलेल्या सेनापतीने राजा व्हायचे नाकारावे, हे जगाला नवीन होते.

१७८७ च्या घटनापरिषदेचे अध्यक्षपद आणि ३० एप्रिल १७८९ पासून राष्ट्राध्यक्षपद त्यांच्याकडे चालून आले. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी शपथ घेतली तेव्हा बायबल आणण्यात आले ते तेथील एका लॉजमधून, आणि शपथ देणारे रॉबर्ट लिव्हिंग्स्टन हे न्यूयॉर्कच्या फ्रीमेसनांचे प्रमुख होते. दोन कारकीर्दींनंतर, १७९७ मध्ये, ते स्वेच्छेने निवृत्त झाले.

संघाशी त्यांचे नाते मात्र नेमक्या शब्दांत सांगितले पाहिजे. १७८८ मध्ये अलेक्झांड्रियाच्या लॉज क्रमांक २२ ला व्हर्जिनियाची सनद मिळाली, तेव्हा तिच्यावर प्रमुख म्हणून वॉशिंग्टन यांचे नाव होते. १८ सप्टेंबर १७९३ रोजी राजधानीतील कॅपिटॉल या संसदभवनाची कोनशिला त्यांनी फ्रीमेसन विधीने, संघाचा एप्रन नेसून बसवली. त्या वेळी वापरलेली चांदीची थापी त्या लॉजने जपली. तथापि आयुष्याच्या उत्तरार्धात लॉजच्या सभांना आपण क्वचितच गेलो, हे त्यांनी स्वतः पत्रात लिहून ठेवले आहे. संघाला त्यांची जितकी गरज होती, तितकी त्यांना संघाची नव्हती, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

१२ डिसेंबर १७९९ रोजी बर्फ आणि पाऊस यांत ते पाच तास शेतावर घोड्यावरून फिरले. दोन दिवसांत घसा सुजून श्वास अडकू लागला. त्या काळच्या वैद्यकाप्रमाणे त्यांचे चार वेळा रक्त काढण्यात आले. तिघा डॉक्टरांत सर्वांत तरुण असलेल्या एलिशा डिक यांनी श्वासनलिकेला छेद देण्याचा उपाय सुचवला, पण ज्येष्ठांना तो पटला नाही. १४ डिसेंबरच्या रात्री दहाच्या पुढे वॉशिंग्टन यांनी प्राण सोडला. डॉक्टर डिक यांनी खोलीतल्या घड्याळाची दोरी कापून ते दहा वाजून वीस मिनिटांवर थांबवले, असे सांगतात. हेच डिक त्या वेळी अलेक्झांड्रिया लॉजचे प्रमुख होते. १८ तारखेला अंत्यविधीत संघाचे संस्कार त्यांनीच केले. तीन महिन्यांनी, १३ मार्च १८०० रोजी, पुण्यात नाना फडणीस गेले.

ती थापी, ते घड्याळ आणि विल्यम विल्यम्स या चित्रकाराने १७९४ मध्ये लॉजसाठी काढलेले, चेहऱ्यावरचे देवीचे व्रणही न झाकणारे चित्र, ही त्या लॉजची अमोल ठेव होती. १८७१ च्या आगीत संग्रहातील काही वस्तू नष्ट झाल्या आणि सुरक्षित वास्तूची निकड भासू लागली. २२ फेब्रुवारी १९१० रोजी निरनिराळ्या राज्यांतील फ्रीमेसनांचे प्रतिनिधी अलेक्झांड्रियात जमले आणि त्यांनी स्मारक संस्था स्थापन केली. १ नोव्हेंबर १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांच्या उपस्थितीत कोनशिला बसली आणि त्या प्रसंगी हातात होती ती १७९३ चीच थापी! वास्तुशिल्पी हार्वी विली कॉर्बेट यांनी गावाच्या नावावरून प्रेरणा घेऊन प्राचीन इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या दीपस्तंभाचा आदर्श समोर ठेवला. महामंदीच्या ऐन काळात, जन्माच्या द्विशताब्दी वर्षी, १२ मे १९३२ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्या उपस्थितीत अर्पणसोहळा झाला. आतले काम पुढे कित्येक वर्षे चालले. एप्रन धारण केलेल्या वॉशिंग्टन यांचा सतरा फुटांहून उंच ब्राँझचा पुतळा १९५० मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी अनावृत केला. ते स्वतः मिसूरी राज्यातील संघाचे प्रमुख राहिले होते. २०१५ मध्ये या वास्तूला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला. तिच्यात सभागृहे आणि वस्तुसंग्रहालय आहे, तसेच एक ग्रंथालयही आहे.

अशा स्मारकाविषयी आदर वाटणे स्वाभाविक आहे. सभासदांनी पैसा पैसा जमवून ते पुरे केले. आपल्या ग्रंथालयाची वर्गणी दारोदार फिरून गोळा करणाऱ्या मंडळींना त्या कष्टांचे मोल वेगळे सांगावयास नको. तरीही त्या दालनात उभा आहे तो संघाचा वॉशिंग्टन. एप्रन नेसलेला, कोनशिला बसवणारा. मळ्यावर राबणाऱ्या माणसांच्या मालकाला त्या शिल्पात जागा नाही.

मृत्यूच्या वर्षी माउंट व्हर्ननवर ३१७ गुलाम होते. त्यांपैकी १२३ वॉशिंग्टन यांच्या मालकीचे होते. पत्नीच्या मृत्यूनंतर त्यांना मुक्त करावे, वृद्धांना पोसावे आणि अनाथ मुलांना लिहावाचायला शिकवावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहिले. मार्था यांनी १ जानेवारी १८०१ रोजीच त्यांना मुक्त केले. त्या पिढीच्या मोठ्या जमीनदारांत हे धैर्य दुर्मिळ होते. पण हेच वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना, सहा महिने वास्तव्य झाले की गुलाम मुक्त होतो हा पेनसिल्व्हानियाचा कायदा चुकवण्यासाठी, आपल्या घरच्या गुलामांना मुदतीपूर्वी राज्याबाहेर नेऊन आणत. मार्था यांची दासी ओना जज १७९६ मध्ये फिलाडेल्फियाच्या घरातून निसटली, तेव्हा तिला परत आणण्याचे प्रयत्न त्यांनी अखेरपर्यंत केले. ती सापडली, पण आली नाही. बंधुभाव सांगणाऱ्या संघाचेही तसेच. प्रिन्स हॉल या कृष्णवर्णीय फ्रीमेसनाला आपल्या बांधवांसाठी १७८४ मध्ये थेट इंग्लंडहून सनद आणावी लागली, आणि गोऱ्यांच्या संघाने त्या परंपरेला दीर्घकाळ आपले मानले नाही.

तरुण जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराज आणि वॉशिंग्टन यांची चरित्रे आवडीने वाचली होती, असे त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. पुढे १८७३ मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अर्पण केला तो मात्र वॉशिंग्टन यांना नव्हे, तर नीग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जोतीरावांनी नायकाकडून स्वातंत्र्याची प्रेरणा घेतली आणि त्या नायकाने अर्धवट सोडलेले काम कोणी पुरे केले तेही नजरेआड होऊ दिले नाही. वॉशिंग्टन कसे वाचावेत, हे आपल्याला एका मराठी माणसाने दीडशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

माउंट व्हर्नन येथे गुलामांच्या दफनभूमीत १९२९ मध्ये एक शिळा बसवली गेली आणि १९८३ मध्ये हॉवर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी आखलेले स्मारक उभे राहिले. शूटर्स हिलचा मनोरा पाहणाऱ्याने तेथूनही जाऊन यावे. तरच वॉशिंग्टन पुरते भेटतात.

न्यू हॅम्पशायरमध्ये दारिद्र्यात आयुष्य काढलेल्या ओना जजला म्हातारपणी दोघा-तिघांनी गाठून तिची हकिकत विचारली. पळून आल्याचा पश्चात्ताप तिला नव्हता. स्वतंत्र झाल्यावर आपण वाचायला शिकलो, हे तिने आवर्जून सांगितले. आपल्या ग्रंथालयाच्या शतकपूर्तीच्या या अंकात राष्ट्रपित्याच्या चरित्राशेजारी तिचेही स्मरण असावे, असे मला वाटते. चरित्रांच्या कपाटातून वॉशिंग्टन यांचे पुस्तक घरी नेणाऱ्या आपल्या तरुण सभासदाने तिचे नाव त्यात शोधावे. न सापडल्यास ते असलेले पुस्तक ग्रंथपालांकडे मागावे.